दुखण्याच्या आधीची हाक

मराठीत एक वाक्प्रचार आहे, 'दुखणं अंगावर काढणं'. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला, असं आपण सहज म्हणून जातो. औषध नाही, विश्रांती नाही, कुणाला सांगणंही नाही. दुखणं आलं आणि चालत्या कामात ते तसंच सोसलं. शब्दांशी रोजचा व्यवहार असल्यामुळे हा वाक्प्रचार माझ्या मनात बरेच दिवस घोळतो आहे. तो पुरुषांनाही लागू पडतो, पण तो मुरला आहे तो आपल्या घरातल्या बायकांच्या अंगात. आई, मावशी, खाला, आत्या. घरातल्या सगळ्यांच्या औषधांच्या वेळा यांना पाठ असतात. स्वतःचं दुखणं मात्र त्या अंगावर काढतात.

आज मला ज्या तपासण्यांबद्दल बोलायचं आहे, त्यांची गोष्ट या वाक्प्रचाराच्याही एक पाऊल अलीकडची आहे. दुखणं असेल तर निदान अंगावर काढता येतं. पण जे अजून दुखतच नाही, त्याचं काय? दुखत नसताना दवाखान्यात जायचं, ही कल्पनाच आपल्याकडे नवी आहे. चाळीशी उलटली की माणूस डोळे तपासून घेतो. आपल्या भाषेनं तर चष्म्याचंच नाव चाळीशी ठेवलं. पण त्याच वयाच्या बाईनं गर्भपिशवीचं तोंड, स्तन, रक्तदाब, साखर तपासून घ्यावी, यासाठी आपल्या घरात सोपा शब्दही रुळलेला नाही.

मी तिला चाळणी म्हणतो. पिठाची चाळणी असते ना, तशी. चाळणीत काही राहिलं म्हणजे ते खडाच असतं असं नाही. पण ते हातात घेऊन नीट पाहावं लागतं. या तपासण्यांचंही तसंच आहे. धडधाकट दिसणाऱ्या हजार बायकांतून ज्या थोड्यांकडे नीट पाहायला हवं, त्या वेगळ्या काढायच्या. चाळणीत अडकली म्हणजे बाईला कॅन्सर झाला, असा त्याचा अर्थ नाही. पुढची तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ.

ही चाळणी आली कुठून, याचा इतिहास मोठा रंजक आहे. त्यात एक नवरा-बायको आहेत.

जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीसमधल्या एव्हिया बेटावरच्या कीमी गावचा डॉक्टर, जन्म १८८३ चा. १९१३ साली तो बायकोला घेऊन न्यूयॉर्कला उतरला. बायकोचं नाव अँड्रोमाकी. अमेरिकेत ती मेरी झाली. खिशात फारसे पैसे नव्हते. एका मोठ्या दुकानात त्यानं गालिचे विकण्याची नोकरी धरली आणि एका दिवसातच ती सोडली. मेरीनं त्याच दुकानात बटणं शिवायचं काम केलं. पुढे त्याला कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळालं. गिनीपिग या प्राण्याच्या मादीची पाळी बाहेरून दिसत नाही. ती कळावी म्हणून तो योनिमार्गातला स्राव काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागला. स्रावातल्या पेशी दिवसागणिक रूप बदलतात, हे त्याच्या लक्षात आलं. मग प्रश्न आला, बाईच्या शरीरातही असंच होत असेल का? त्यासाठी एका बाईनं रोज नमुना द्यायला हवा होता. ती बाई म्हणजे मेरी. प्रयोगशाळेत ती त्याची मदतनीस होतीच. वीसहून अधिक वर्षं ती त्याच्या अभ्यासाचा विषयही होऊन राहिली. तपासणीच्या नावात मात्र नवरा आला. 'पॅप' म्हणजे पापानिकोलाऊ. त्यातली मेरी काचेच्या पट्टीवरच राहिली.

पुढे रुग्णालयातल्या बायकांचे नमुने तपासताना पापानिकोलाऊला काही पेशी वेड्यावाकड्या दिसल्या. त्या कॅन्सरच्या होत्या. १९२८ साली त्यानं हे एका परिषदेत मांडलं. त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश हा डॉक्टरही स्वतंत्रपणे तिथंच येऊन पोचला होता. पण जाणकारांनी फारसं मनावर घेतलं नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा तुकडा काढून तपासता येत असताना सुट्या पेशी कशाला पाहायच्या, असं त्यांचं म्हणणं. खरी गंमत इथंच आहे. तुकडा काढायचा तर दुखणं दिसायला हवं. सुट्या पेशी दुखणं दिसायच्या आधी बोलतात. ही गोष्ट पटायला तेरा वर्षं गेली. १९४१ मध्ये पापानिकोलाऊनं हर्बर्ट ट्राऊट या स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर निबंध लिहिला, १९४३ मध्ये दोघांचं पुस्तक आलं आणि मग ही तपासणी जगभर निघाली.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. पहिल्या बिघाडापासून पक्क्या कॅन्सरपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. एवढा सबुरीनं येणारा शत्रू क्वचितच असतो. त्या दहा-पंधरा वर्षांत कधीही तो दिसला, तर छोट्याशा उपचारानं प्रश्न मिटतो. म्हणजे वेळ भरपूर आहे, तपासणी सोपी आहे. मग बायका का मरत राहिल्या?

याचं उत्तर इंग्लंडनं दिलं, आणि तेही चुकतमाकत. तिथं १९६४ पासून ही तपासणी सरकारी व्यवस्थेत आली. वर्षानुवर्षं लाखो काचपट्ट्या तपासल्या गेल्या, पण मृत्यू अपेक्षेइतके घटेनात. शोध घेतल्यावर कळलं, की ज्या बायका एरवीही डॉक्टरकडे जात होत्या, तरुण, शिकलेल्या, त्यांचीच पुन्हा पुन्हा तपासणी होत होती. ज्यांना धोका जास्त, त्या वयानं मोठ्या, गरीब बायका आल्याच नव्हत्या. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. १९८८ मध्ये तिथं संगणकावर प्रत्येक बाईच्या नावाची यादी करून ठरावीक वर्षांनी घरी पत्र पाठवायला सुरुवात झाली. आली नाही तर पुन्हा पत्र. काचपट्टी तीच, सूक्ष्मदर्शक तोच. बदललं ते एवढंच, की बाईच्या नावानं हाक गेली. त्यानंतर मृत्यू झपाट्यानं उतरले.

मंडळी, या सगळ्या इतिहासाचं सार मला या एका गोष्टीत दिसतं. तपासणी शोधणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं काम म्हणजे हाक मारणं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं १९४१ साली, म्हणजे पापानिकोलाऊचा तो निबंध आला त्याच वर्षी. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीनं मुंबईत कॅन्सरच्या रुग्णांची नोंदवही सुरू केली. देशातली ती पहिली. मुंबईतल्या जुन्या अभ्यासांत एक गोष्ट पुढे आली होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं प्रमाण मुसलमान आणि पारशी बायकांत कमी दिसत होतं, तर पारशी बायकांत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसत होतं. अभ्यासकांसाठी ती कारणं शोधायची वाट होती. पण अशी माहिती मोहल्ल्यात पोचते तेव्हा तिचा अर्थ बदलतो. 'आपल्यात हा रोग होत नाही' असं कुणी म्हणालं, की बाकीच्या माना डोलवतात. कमी असणं आणि नसणं यांत फरक आहे. ज्या घरात तो येतो, त्या घराला कमी प्रमाणाचा काय उपयोग?

शहराची नोंद झाली. खेड्यांचं काय? त्यासाठी बार्शीला जावं लागेल. सोलापूर जिल्ह्यातल्या या बाजारपेठेच्या गावी डॉ. बी. एम. नेने यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नर्गिस दत्त यांच्या नावानं कॅन्सर रुग्णालय उभं केलं. १९८७ मध्ये तिथं देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या भागातली ३४६ गावं त्यात होती. शहरात रुग्णालयाच्या कागदांवरून आकडे मिळतात. खेड्यात कागद कुठला? मग कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. घरोघरी बसायचं, अंगावरून रक्त जातं का, पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला का, स्तनात गाठ आहे का, असं विचारायचं, आणि असेल तर बार्शीला यायला सांगायचं. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की कुठलंही यंत्र न नेता, नुसत्या या विचारपुशीनं बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या आहेत. डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हे जगापुढे मांडलं. नुसतं कुणीतरी येऊन विचारलं, त्याचा हा गुण.

याच पायावर मराठवाड्यात एक मोठा प्रयोग झाला. तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, टाटा मेमोरियल आणि बार्शीचं रुग्णालय यांनी मिळून १९९९ मध्ये तो सुरू केला. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजार बायका. त्यांचे चार गट केले. एका गटाची पापानिकोलाऊची तपासणी. दुसऱ्या गटाची शिरक्याची तपासणी. आपण ज्याला शिरका म्हणतो, त्यातलंच आम्ल गर्भाशयाच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघाड असेल तर तो भाग पांढरा पडतो. तिसऱ्या गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८०च्या दशकात हा विषाणू आणि हा कॅन्सर यांचं नातं उघड केलं होतं. त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. चौथ्या गटाची तपासणी झाली नाही. त्या बायकांना माहिती दिली, तपासणी कुठे मिळते ते सांगितलं आणि पुढे काय होतं ते पाहिलं.

निकाल २००९ मध्ये छापून आला. तपासणी न झालेल्या गटात आठ वर्षांत ६४ बायका या कॅन्सरनं गेल्या. विषाणूची तपासणी झालेल्या गटात ३४ गेल्या. दोन्ही गट साधारण एकाच आकाराचे, आणि तपासणी झाली होती आयुष्यात फक्त एकदा. बाकीच्या दोन तपासण्यांनी या प्रयोगात मृत्यूत ठळक फरक पडला नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी विषाणूची तपासणी करावी, असं आज जगभर सांगितलं जातं. त्या सल्ल्यामागच्या पुराव्यांत परंडा-भूमसारख्या भागांतल्या बायकांनी दिलेला पुरावा फार मोलाचा आहे.

पण इथं मला थांबावंसं वाटतं. त्या चौथ्या गटाचं काय? पुढे या प्रयोगावर टीका झाली. तपासणीनं जीव वाचतो हे ठाऊक असताना हजारो बायकांना त्याविना ठेवणं योग्य होतं का, असा प्रश्न परदेशातल्या डॉक्टरांनीही विचारला. संशोधकांचं उत्तर होतं, की देशात एरवी तपासणी मिळतच नव्हती; चौथ्या गटाला जे मिळालं तेच इथल्या प्रत्येक बाईला मिळत होतं. हे उत्तर खरं आहे, आणि म्हणूनच ते जास्त बोचतं. चौथा गट म्हणजे आपला सगळा देश होता. त्या ६४ जणींची नावं आपल्याला माहीत नाहीत. कुणाची माहेरची शेतं असतील, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलेलं असेल. मेरी पापानिकोलाऊसारख्या त्याही काचेमागे राहिल्या. आपण त्यांचं देणं लागतो. आणि ते देणं एकाच रीतीनं फिटू शकतं. त्यांच्यामुळे जे कळलं, ते प्रत्येक बाईच्या दारापर्यंत नेणं.

तसं नेता येतं, हे मुंबईनं दाखवलं. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांमध्ये एक अभ्यास केला. तपासणारे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या मुली आणि बायका निवडून त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. दर दोन वर्षांनी शिरक्याची तपासणी आणि हातानं स्तनांची तपासणी. पदर असो की बुरखा, आतली लाज सारखीच असते. पण समोरही बाईच आहे, आपल्यासारखीच बोलते, हे पाहिल्यावर ज्यांना बोलावलं त्यांतल्या दहातल्या नऊ जणी तपासणीला आल्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादमध्ये एकदाच केलेल्या शिरक्याच्या तपासणीला जे जमलं नाही, ते मुंबईत पुन्हा पुन्हा बोलावण्यानं जमलं.

स्तनांच्या तपासणीचा हिशेब वीस वर्षांनी, २०२१ मध्ये आला. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्यांत ते जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. प्रशिक्षित बाईचे दोन हात, एवढंच साधन. 'आता या वयात कशाला तपासण्या' असं म्हणणाऱ्या प्रत्येक आजीला हा आकडा सांगायला हवा. या वयातच तपासण्या.

जिथं ही हाक पोचत नाही, तिथं दुसरं काहीतरी पोचतं. ते म्हणजे भीती. उस्मानाबादला लागूनच बीड जिल्हा आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या तिथल्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या जात असल्याचं उघड झालं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये चौकशी समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. यातल्या अनेक जणींनी सांगितलं, की अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलो, तर 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' असं ऐकायला मिळालं. पाळी आली की कामाचा खाडा पडतो, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, ही दुसरी भीती जोडीला होतीच. पाच मिनिटांच्या तपासणीनं ज्यांची भीती दूर झाली असती, अशा किती जणींवर यात सुरी चालली असेल? कॅन्सरचं नाव तपासणीसाठी न वापरता धाक घालण्यासाठी वापरलं, तर काय होतं, ते बीडनं दाखवलं.

आज चित्र काय आहे? २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तीस वर्षांपुढच्या सगळ्यांसाठी तपासण्यांचा कार्यक्रम आखला. रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर. कागदावर सगळं आहे. पण २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत जेमतेम दोघींनी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी केलेली होती. स्तनांची तपासणी शंभरात एकीनंही नाही. २०२२ च्या अंदाजानुसार देशात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे वर्षाला सव्वा लाखावर नवे रुग्ण आणि जवळजवळ ऐंशी हजार मृत्यू. दहा-पंधरा वर्षं सवड देणाऱ्या रोगाचे हे मृत्यू आहेत.

लस आली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं देशी लस २०२३ मध्ये आणली. आपल्या मुलींना ती जरूर द्यावी. पण ती विषाणू शरीरात शिरण्याआधी काम करते. आज जी पंचेचाळिशीत आहे, तिच्यासाठी तपासणीच खरी. आणि ती पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. विषाणूच्या तपासणीचा नमुना बाई स्वतः, पडद्याआड, छोट्या ब्रशनं घेऊ शकते. लाजेला इतकं सोयीचं उत्तर पापानिकोलाऊच्या काळी नव्हतं. तीस ते पन्नास या वयात दर पाच ते दहा वर्षांनी ही तपासणी पुरते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिरक्याची तपासणी पाळी गेल्यानंतर तितकी भरवशाची राहत नाही, कारण पाहायचा भाग आत सरकतो. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसला, तर तिथं चाळणीचं काम संपलं. लगेच डॉक्टरकडे जायचं. रक्तदाब आणि साखर तर हूं की चूं न करता वर्षानुवर्षं आत काम करत असतात. त्यांची तपासणी गावच्या आरोग्य केंद्रातही होते.

चाळणीलाही भोकं असतात, हे सांगायला हवं. कधी नसलेला रोग असल्यासारखा दिसतो आणि बाई चार रात्री झोपत नाही. कधी असलेला निसटतो. म्हणून महागड्या तपासण्यांचा संच घेऊन जाहिराती करणाऱ्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही. कोणत्या वयात कोणती तपासणी किती वर्षांनी, हे ठरलेलं आहे. तेवढंच करावं, पण ते चुकवू नये.

एक लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये हाक पत्रानं गेली, बार्शीत ती घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी मारली, मुंबईत ती वस्तीतल्या दहावी शिकलेल्या बायकांच्या तोंडून आली. आपल्या गावात ती आशाताईच्या तोंडून येते. बहुतेकदा दुपारी, बाई भांडी घासत असताना. 'चला की ताई, पाच मिनिटांचं काम आहे,' असं ती म्हणते, आणि आतून उत्तर येतं, 'मला काही झालेलं नाही.' ते उत्तर चुकीचं नाही. काही झालेलं नाही, म्हणूनच तर ती बोलवायला आली आहे. अशा वेळी घरातल्या पुरुषानं एवढंच करावं. उठावं, भांड्यांचा ढीग आपल्याकडे ओढून घ्यावा आणि म्हणावं, तू जाऊन ये.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)